बीटीसीसीचा सीझन पहिल्यांदाच बघताय? वही आणि पेन्सिल घेऊन बसा

इकडे इंग्लंडमध्ये नवीन आलेलं कोणी ना कोणी दर एप्रिलला मला विचारतंच, की रविवारी टीव्ही लावला की साध्या रस्त्यावरच्या दिसणाऱ्या गाड्या एकमेकींना घासत, ठोकत पळत असतात ते काय असतं, आणि ते दिवसभर कसं काय चालतं. तर ते बीटीसीसी, म्हणजे ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिप. मी पुण्याहून इकडे आलो तेव्हा मलाही रेसिंग म्हणजे फॉर्म्युला वन एवढंच माहीत होतं, आणि पहिल्यांदा ब्रँड्स हॅच या ट्रॅकवर गेलो तेव्हा सरळ फिनिश लाइनसमोर जाऊन उभा राहिलो, गाड्या झूम करून आल्या आणि गेल्या, पंधरा मिनिटांनी कोण कितवा आहे हेच कळेना. शेजारी एक आजोबा फोल्डिंग खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर वही, हातात पेन्सिल, प्रत्येक लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या प्रत्येक फेरीला, गाड्या समोरून गेल्या की नंबर लिहीत होते, एकाखाली एक. मी डोकावून बघितलं तर त्या वहीत अख्खी रेस दिसत होती, कोण वर चढतोय, कोण घसरतोय, सगळं. त्यांनी मला एक कोरं पान फाडून दिलं. त्या दिवसापासून मी हा खेळ बघायला शिकलो असं मी मानतो, आणि म्हणून हा लेख लिहितोय, ज्याला पहिल्यांदाच पूर्ण सीझन बघायचाय त्याच्यासाठी.

एकच गोष्ट आधी सांगून ठेवतो, ती डोक्यात ठेवून पुढचं वाचा. पहिला कोण आला याच्याकडे फार बघू नका. बीटीसीसीचा सीझन पाचव्या ते बाराव्या नंबरात जिंकला जातो आणि हरलाही तिथेच जातो.

पायरी 1: सीझनचा सांगाडा समजून घ्या

एप्रिलपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत 10 वीकेंड, प्रत्येक वीकेंडच्या रविवारी 3 रेस, म्हणजे एकूण 30 रेस. मध्ये उन्हाळ्यात काही आठवड्यांची सुट्टी असते, तेव्हा टीम गाड्या पुन्हा उघडून बसतात. शनिवारी प्रॅक्टिस आणि क्वालिफाइंग, म्हणजे सगळ्यात फास्ट लॅप कोण मारतो त्यावरून सुटायचा क्रम ठरवणं. एक रेस साधारण 20-25 मिनिटांची, म्हणजे क्रिकेटच्या चार-पाच ओव्हर्स होतात तेवढ्यात निकाल. पिट स्टॉप नाही, पेट्रोल भरणं नाही, टायर बदलणं नाही. लाल दिवे लागतात, विझतात आणि सुटायचं.

आता महत्त्वाचं म्हणजे ग्रिड, म्हणजे सुटताना गाड्या उभ्या राहतात ती रांग, कसं लागतं, कारण हे कळलं नाही तर तिसरी रेस बघून माणूस चक्रावतो. पहिल्या रेसचं ग्रिड क्वालिफाइंगवरून. दुसऱ्याचं ग्रिड पहिल्या रेसच्या निकालावरून, जो जिंकला तो पुढे. आणि तिसऱ्याला गंमत आहे, दुसऱ्या रेसच्या निकालातल्या पुढच्या काही गाड्या उलट्या क्रमानं लावतात, आणि किती गाड्या उलटवायच्या हे दुसरी रेस झाल्यावर सगळ्यांसमोर नंबर काढून ठरवतात. समजा 9 आकडा आला, तर दुसऱ्या रेसमध्ये नववा आलेला तिसऱ्या रेसला पोलवर, म्हणजे सगळ्यात पुढे, आणि दुसरी रेस जिंकलेला नववा. म्हणजे दुसऱ्या रेसच्या शेवटी नववा-दहावा असलेला माणूस का एवढा जीव तोडून जागा धरून बसलाय हे तुम्हाला कळेल, तिथे त्याच्या हातात पुढच्या रेसचा पोल असू शकतो.

फॉरमॅट आणि नियम दर वर्षी थोडेफार हलतात, तेव्हा सीझन सुरू व्हायच्या आठवड्यात ऑफिशियल साइटवर जाऊन एकदा नजर टाका. मी इथे सांगतोय ती चौकट 2025 पर्यंत मी बघत आलो ती.

पायरी 2: पॉइंट्स पाठ करा, खरंच पाठ करा

पाढे पाठ करतो तसं. पहिल्याला 20, मग 17, 15, 13, 11, 10, 9, 8, 7, 6, 5, 4, 3, 2, आणि पंधराव्याला 1. त्याशिवाय क्वालिफाइंगमध्ये पोल मिळवला तर 1, रेसमध्ये एक तरी लॅप लीड केला तर 1, सगळ्यात फास्ट लॅप मारला तर 1.

आता वहीत हे करून बघा. एक ड्रायव्हर दिवसभरात तिन्ही रेसमध्ये पाचवा आला, कॅमेऱ्यावर फार दिसला नाही, कोणी त्याचं नाव घेतलं नाही. त्याचे झाले 33. दुसरा पहिली रेस दणक्यात जिंकला, लीडचा आणि फास्ट लॅपचा बोनस पण घेतला, 22, दुसऱ्या रेसमध्ये पहिल्याच कॉर्नरला कोणाच्या तरी मागच्या बंपरमध्ये घुसून बाहेर, शून्य, आणि मग मागून सुरू करून तिसऱ्या रेसमध्ये कसाबसा दहावा, 6. झाले 28. फोटो दुसऱ्याचे छापून येतात, पण संध्याकाळी पुढे असतो तो पहिला. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते इथे अगदी शब्दशः खरं आहे.

विश्वास बसत नसेल तर 2018 चा सीझन बघा. त्या वर्षी 30 रेसमध्ये 17 वेगवेगळे ड्रायव्हर जिंकले, आणि चॅम्पियन झाला तो कॉलिन टर्किंग्टन, बीएमडब्ल्यूमध्ये, अख्ख्या सीझनमध्ये फक्त एक रेस जिंकून! एक. बाकी सगळं चौथा, पाचवा, सहावा, दुसरा असं गोळा करत करत. मला स्वतःला या खेळातला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, की इथे सातत्याला खरोखर किंमत आहे आणि ती आकड्यात दिसते.

पायरी 3: गाडी ओळखायला शिका

बाहेरून दिसते ती गाडी दुकानात मिळते तीच, ह्युंदाई आय30 एन, फोर्ड फोकस, बीएमडब्ल्यू 3 सीरिज, होंडा सिव्हिक, टोयोटा कोरोला, कुप्रा लिऑन, वॉक्सहॉल अॅस्ट्रा असे चेहरे गेल्या काही वर्षांत ग्रिडवर दिसले. आतून मात्र सगळं वेगळं. 2011 पासून एनजीटीसी नावाचे नियम आहेत, त्यात 2 लिटरचं टर्बो इंजिन, आणि गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शनचे बरेच भाग सगळ्यांना सारखेच घ्यावे लागतात. याचं कारण पैसा. 1990 च्या दशकात सुपर टूरिंग नावाच्या जुन्या नियमांच्या काळात कंपन्यांनी इतका पैसा ओतला की शेवटी परवडेना म्हणून एकेक जण निघून गेला, आणि ग्रिड ओस पडलं. तो काळ होता मात्र भारी, 1994 ला व्होल्वोनं 850 ची चक्क इस्टेट, म्हणजे मागे सामान ठेवायची लांबलचक फॅमिली गाडी रेसला उतरवली होती, आणि त्याच वर्षी गॅब्रिएले तार्क्विनीनं अल्फा रोमिओ 155 घेऊन टायटल नेलं. यूट्यूबवर जुने व्हिडिओ सापडतील, जेवताना लावा.

तुम्हाला सुरुवातीला एवढंच बघायचंय की गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे की रिअर. बीएमडब्ल्यू रिअर, बाकी बहुतेक फ्रंट. स्टार्टला बीएमडब्ल्यू कशी सुटते बघा, वजन मागे जातं, मागच्या चाकांना पकड मिळते आणि पहिल्या कॉर्नरपर्यंत तिनं एक-दोन जागा खाल्लेल्या असतात. फ्रंट व्हीलवाल्याला पुढच्याच टायरनं वळायचं, पुढच्याच टायरनं खेचायचं, त्यामुळे शेवटच्या लॅप्सना पुढची टायर बिचारी मेटाकुटीला आलेली असतात, गाडी कॉर्नरमधून बाहेर बाहेर जायला लागते, आणि ते स्टिअरिंगवरच्या हातात दिसतं, ड्रायव्हर जास्त जास्त वळवत जातो. जवळून बघायला मिळालं तर अजून एक बघा, फ्रंट व्हील गाडी कर्बवरून, म्हणजे वळणाच्या कडेच्या उंचवट्यावरून, आत कापते तेव्हा आतल्या बाजूचं मागचं चाक हवेत उचललं जातं, कुत्रं खांबापाशी पाय उचलतं ना अगदी तसं. माझ्या मुलीला पहिल्या दिवशी हेच सगळ्यात आवडलं होतं, ती दर लॅपला मोजत होती कोणाचं चाक जास्त उचलतंय.

पायरी 4: जिंकणाऱ्याला ओझं का लावतात ते समजून घ्या

हे नव्या माणसाला अन्याय वाटतं, मलाही वाटायचं. 2021 पर्यंत पद्धत अशी होती की जो पॉइंट्समध्ये पुढे त्याच्या गाडीत जास्त वजन, शिशाच्या लाद्या बोल्टनं आवळून. 2022 ला हायब्रिड आलं, गाडीत एक इलेक्ट्रिक मोटर, बटण दाबलं की काही सेकंद जास्तीचा जोर, आणि पुढे असलेल्याला ती सेकंद कमी. ते 2024 पर्यंत चाललं. 2025 ला हायब्रिड काढलं, गाड्या हलक्या झाल्या आणि त्याच्या जागी टर्बोचा जास्तीचा बूस्ट आला, तत्त्व तेच, पुढच्याला कमी, मागच्याला जास्त.

यामुळे होतं काय, की कोणी पळून जाऊ शकत नाही आणि टायटल शेवटच्या दिवसापर्यंत लोंबकळत राहतं. पण त्यातून चॅम्पियन कसा ओळखायचा तर ज्या रेसला त्याच्याकडे बूस्ट सगळ्यात कमी आहे त्या रेसला तो कितवा आला ते बघायचं. ओझं घेऊन सहावा आलेला ड्रायव्हर हा मोकळा असताना जिंकलेल्यापेक्षा मोठं काम करून गेलेला असतो. वहीत मी अशा निकालाभोवती गोल करतो. सीझनच्या शेवटी ज्याच्या नावापुढे गोल जास्त, बहुतेक वेळा तोच टायटलच्या भांडणात असतो.

पायरी 5: मधली एक गाडी आपली म्हणून निवडा

चॅम्पियनची नको. ती टीव्ही दाखवतोच. पहिल्या वीकेंडला जो आठवा ते बारावा घुटमळतोय असा एक ड्रायव्हर निवडा आणि सहा महिने त्याच्यामागे राहा. त्याचा नंबर लक्षात ठेवा, इथे ड्रायव्हर आपापला नंबर वर्षानुवर्षं जपतात, टॉम इंग्रॅम 80, जेक हिल 24, अॅश सटन 116, आणि चॅम्पियनला हवं तर पुढच्या वर्षी 1 लावता येतो. मोठी नावंही माहीत असावीत म्हणून सांगतो, टर्किंग्टन चार वेळा चॅम्पियन, 2009, 2014, 2018, 2019. सटनही चार वेळा, 2017, 2020, 2021, 2023. त्यांच्या आधी चार टायटलं अँडी राऊसची, त्यातलं पहिलं 1975 चं. इंग्रॅम 2022 आणि 2025. हिल 2024. पण तुमचा माणूस यांच्यातला नसला तरच मजा येईल, कारण त्याचा एक पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांत येणं, तुम्हाला टायटलएवढा वाटेल. छोट्या, स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या टीम्ससाठी इंडिपेंडंट्सचं वेगळं टेबल असतं, आणि नव्या ड्रायव्हर्ससाठी जॅक सीअर्स ट्रॉफी, तीही बघा.

जॅक सीअर्स कोण ते सांगायलाच हवं. 1958 ला ही चॅम्पियनशिप सुरू झाली, तेव्हा नाव ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप होतं, आताचं नाव 1987 पासून. पहिल्याच वर्षी सीअर्स आणि टॉमी सॉपविथ यांचे पॉइंट्स सारखे झाले. नाणं उडवायची कल्पना निघाली, ती दोघांना पटली नाही, मग ब्रँड्स हॅचला दोन सारख्या रायली 1.5 गाड्या आणल्या, पाच लॅप पळायचं, गाड्यांची अदलाबदल करायची, परत पाच लॅप, आणि एकूण वेळ मोजायची. पावसात झालं ते. सीअर्स 1.6 सेकंदांनी जिंकला. पहिलंच टायटल दीड सेकंदावर! मला वाटतं या खेळाचा स्वभाव त्या दिवशीच ठरला.

पायरी 6: ट्रॅकचा नकाशा वहीच्या पहिल्या पानावर काढा

सगळ्या ट्रॅकबद्दल इथे लिहीत बसत नाही, फक्त दोन जाती ओळखा. सिल्व्हरस्टोन, थ्रक्सटन, स्नेटरटन, क्रॉफ्ट ही जुनी विमानतळं, दुसऱ्या महायुद्धातली, म्हणून सपाट आणि वाऱ्याची. ब्रँड्स हॅच, ओल्टन पार्क, नॉकहिल हे डोंगरउताराचे, चढ-उतार, गाडी नजरेआड होते आणि परत उगवते. डॉनिंग्टन दोन्हीच्या मधलं, त्यातल्या क्रेनर कर्व्ह्जचा उतार एकदा तरी प्रत्यक्ष बघा.

थ्रक्सटनबद्दल दोन ओळी. देशातला सगळ्यात फास्ट ट्रॅक म्हणून तो ओळखला जातो, टायर इतके तापतात की तिथे नेहमी हार्ड टायर देतात, आणि शेवटच्या लॅप्सना पुढची गाडी अचानक हळू झाली तर समजा टायर गेलं. तिथे घाईघाईनं वहीत निकाल लिहू नका, झेंडा पडेपर्यंत थांबा.

ब्रँड्स हॅच मात्र मला घरासारखं आहे म्हणून जरा सविस्तर. सीझनमध्ये दोनदा जातात तिथे, वसंतात छोट्या इंडी ट्रॅकवर, जेमतेम 1.9 किलोमीटर, 50 सेकंदांच्या आत लॅप, आणि ऑक्टोबरला शेवटच्या वीकेंडला मोठ्या ग्रां प्री ट्रॅकवर, 3.9 किलोमीटर, अर्धा रानातून. पहिलं वळण पॅडक हिल, उजवीकडे, आणि ड्रायव्हरला वळताना पलीकडचं काही दिसत नाही, कारण जमीन पायाखालून निघून जाते, विहिरीत उतरल्यासारखी. मग लगेच चढ, वर ड्रुइड्सचा अगदी आवळ वळसा, परत खाली ग्रॅहम हिल बेंड. पॅडक हिलच्या कुंपणापाशी उभे राहिलात तर ब्रेक दिवे बघा, प्रत्येक लॅपला तुमच्या ड्रायव्हरचा दिवा कुठे पेटतो. मागे कोणी चिकटलेला असेल तर तो दिवा एखाद मीटर उशिरा पेटतो. आणि टायर संपत आले की लवकर पेटायला लागतो, कॉमेंटेटरच्या आधी तुम्हाला कळतं.

पायरी 7: प्रत्यक्ष जायचं ठरलं तर

लंडनच्या आसपासच्यांना ब्रँड्स हॅच सगळ्यात सोपं. एम25 च्या जंक्शन 3 वरून ए20 धरली की आलंच, आणि ट्रेननं स्वॉनली स्टेशन, तिथून टॅक्सी. तिकीट आधी ऑनलाइन काढा, गेटवर महाग पडतं. लहान मुलांना बऱ्याच ट्रॅकवर फुकट असतं, वयाची अट तिकिटाच्या पानावर बघा. रविवारी सकाळी लवकर पोचा, कारण गाडी साउथ बँकच्या गवतावर ट्रॅककडे तोंड करून लावता आली तर पाऊस आला तरी आत बसून रेस दिसते, आणि तिथून इंडी ट्रॅकचा बराचसा भाग एका नजरेत येतो.

सोबत काय न्यायचं: रेनकोट, छत्री नको कारण मागच्याला दिसत नाही. फोल्डिंग खुर्च्या. मुलांच्या कानाला हेडफोनसारखे मोठे इअर डिफेंडर, हे विसरूच नका, माझा पहिल्या वेळेला विसर पडला आणि पोरगी पहिल्या रेसलाच कान दाबून रडायला लागली, दिवस गाडीत गेला. थर्मासमध्ये चहा, डब्यात पोळीचे रोल. मोबाइलवर टीएसएल टायमिंगचं पान उघडून ठेवा, त्यावर प्रत्येक गाडीची लॅपची वेळ आणि फरक लाइव्ह दिसतो, पण तिथे गर्दीत नेट बऱ्याचदा दगा देतं आणि म्हणून परत सांगतो, वही.

दुपारी पिट लेन, म्हणजे टीमच्या गॅरेजसमोरचा रस्ता, उघडतात तेव्हा रांगेत उभं राहा, ड्रायव्हर टेबलं टाकून सह्या देत बसलेले असतात. तुमच्या बाराव्या नंबरवाल्याकडे रांग छोटी असेल, निवांत बोलायला मिळेल. पॅडकमध्ये, म्हणजे टीम तंबू टाकून गाड्या ठेवतात त्या आवारात, फिरताना तंबूचं तोंड उघडं असतं, मेकॅनिक गाडीखाली झोपलेला दिसतो, पहिल्या आणि दुसऱ्या रेसच्या मधल्या वेळात पुढचा अख्खा बंपर आणि रेडिएटर बदलताना मी पाहिलंय, टेपचे तुकडे तोडून तोडून दातात धरलेले, कोणी काही बोलत नाही, फक्त हात चालतात. मध्ये मध्ये पोर्शे, मिनी, जिनेटा ज्युनिअर अशा दुसऱ्या रेस होत राहतात. जिनेटा ज्युनिअरमध्ये 14 वर्षांपासूनची पोरं पळतात, ती बघाच.

घरून बघायचं असेल तर इंग्लंडमध्ये आयटीव्ही4 वर गेली बरीच वर्षं रविवारी दिवसभर लाइव्ह आणि फुकट आहे. भारतातल्यांनी वेळेचा हिशोब ठेवा, उन्हाळ्यात तुमचं घड्याळ इंग्लंडच्या साडेचार तास पुढे, म्हणजे इकडे दुपारी बाराची रेस तुमच्याकडे साडेचारला, आणि इकडे पाचची तिसरी रेस रात्री साडेनऊला, जेवणं आटपून. ऑफिशियल यूट्यूब चॅनलवर हायलाइट्स येतात, पण शक्य असेल तर अख्खी रेस मिळवून बघा, हायलाइट्समध्ये सहावा-सातवा कधीच दिसत नाही.

पायरी 8: रेस कशी लिहायची

पानावर आडवे लॅप, उभे नंबर. स्टार्टनंतर पहिल्या लॅपला घाई करू नका, सगळे सुटे झाले की दुसऱ्या लॅपपासून लिहा. पहिले 15 पुरेत, पॉइंट्स तेवढ्यांनाच. सेफ्टी कार, म्हणजे अपघात झाल्यावर सगळ्यांना मागे घेऊन हळू चालणारी गाडी, आली तर लॅपच्या चौकटीत एस लिहा, आणि लक्षात ठेवा की सेफ्टी कार जास्त वेळ राहिली तर रेसला जास्तीचे लॅप जोडतात, तीनपर्यंत. जास्तीचे तीन लॅप म्हणजे ज्याचे टायर संपलेत त्याच्यासाठी शिक्षा आणि मागच्याला लॉटरी.

ठोकाठोकी होणारच. दारं घासणं, मागून हलकंसं ढकलणं, याला इथे कोणी फार मनावर घेत नाही, पण समोरचा फिरला आणि तुम्ही जागा घेतलीत तर स्टुअर्ड्स, म्हणजे रेसचे पंच, बघतात, वेळेची शिक्षा, ग्रिडवर मागे जाणं, लायसन्सवर पॉइंट्स. 1992 ला सिल्व्हरस्टोनला शेवटच्या रेसमध्ये टिम हार्वी, जॉन क्लिलंड आणि विल हॉय तिघांत टायटल होतं, हार्वीचा टीममेट स्टीव्ह सोपर मध्ये पडला, सोपर आणि क्लिलंड दोघं एकमेकांवर आदळून बाहेर, हार्वी चॅम्पियन. आज तीस वर्षांनंतर पण लोक पॅडकमध्ये त्यावर वाद घालतात, मी ऐकलाय.

पायरी 9: शेवटचा वीकेंड

ऑक्टोबरचा ब्रँड्स हॅच. त्या आधी वहीत प्रत्येक दावेदाराचे पॉइंट्स लिहा, एका दिवसात तिन्ही विजय म्हणजे 60 आणि वर बोनस, एवढ्याच्या आत जेवढे आहेत ते सगळे गणितानं जिवंत.

13 ऑक्टोबर 2019 ला मी साउथ बँकवर होतो. टर्किंग्टन बीएमडब्ल्यूमध्ये, डॅन कॅमिश होंडामध्ये, अँड्र्यू जॉर्डनही बीएमडब्ल्यूमध्ये. दुसऱ्या रेसमध्ये टर्किंग्टनला धक्का लागला, तो फिरला आणि पार मागे गेला, तिसऱ्या रेसला ग्रिडच्या शेपटाकडून सुरुवात. आमच्या आजूबाजूचे सगळे म्हणाले संपलं, कॅमिशचंच. तिसऱ्या रेसला मी दोनच नंबर लिहीत होतो. टर्किंग्टन दर लॅपला एकेक घर वर येत होता, पण पुरत नव्हतं, कॅमिश पुढे निवांत होता. आणि संपायला थोडेच लॅप उरले असताना गाड्या रानातून परत आल्या, मी खाली बघून लिहायला गेलो, आणि कॅमिशचा नंबर आलाच नाही. लाउडस्पीकरवर ओरडा. हॉथॉर्न बेंड रानात आहे, आमच्याकडून दिसत नाही. तिथे त्याचे ब्रेक गेले होते, पूर्ण वेगात. हातातोंडाशी आलेला घास गेला. तो ठीक आहे हे कळेपर्यंत बँकवर कोणी हललं नाही. शेवटी टर्किंग्टन 320, कॅमिश 318, जॉर्डन 318. सहा महिने, 30 रेस, आणि दोन पॉइंट्स.

घरी येऊन मी वही मागे उलटत गेलो, उन्हाळ्यातल्या कुठल्या तरी रविवारचा एक अकरावा नंबर, एक नववा, तेव्हा मी लिहून पान उलटलं होतं, आणि त्यातली कुठलीही एक जागा इकडची तिकडे झाली असती तर आकडे बदलले असते.

पायरी 10: निकाल शाईनं लगेच लिहू नका

रेस संपली तरी निकाल कच्चा असतो. गाड्या तपासणीला जातात, वजन, उंची, बूस्ट सगळं मोजतात, स्टुअर्ड्सची चौकशी रात्रीपर्यंत चालू राहते, आणि कोणी बाद झालं तर मागचे सगळे एकेक घर वर सरकतात, तुमचा सोळावा पंधरावा होतो आणि त्याला 1 पॉइंट मिळतो. म्हणून ट्रॅकवर पेन्सिल वापरा. सोमवारी सकाळी पक्का निकाल आला की तो बघून पेनानं लिहा, बेरीज करा, आणि पुढच्या वीकेंडचा ट्रॅक वहीच्या नव्या पानावर काढून ठेवा.